हिराजी नाखवांनी बुजवलेली सहा भोके

सभेचे अध्यक्ष धर्माबाबा, यमुनाबाई, जनाआत्या, दिवाळे गावातल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

या शोकसभेत मला कोणी बोलावलेले नाही. हे आधीच सांगते. धर्माबाबांकडून मी हा थोडा वेळ स्वतः मागून घेतला आहे. हिराजी नाखवांबद्दल बोलण्याचा अधिकार या समाजमंदिरात बसलेल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त आहे. त्यांच्याबरोबर ज्यांनी जाळी ओढली, ज्यांच्या होड्या त्यांनी दुरुस्त केल्या, ज्यांच्या हळदीत ते नाचले, ते सगळे इथे आहेत. मी त्यांना आयुष्यात एकदाच भेटले. जेमतेम दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांबद्दल मला बोलायचे आहे, आणि सव्वीस वर्षे रोज बोलण्याचेच काम करूनही आज ते लिहून आणावे लागले आहे. हातात कागद आहे. मी कधी कागद घेऊन बोलत नाही. आज घेतला आहे.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी नेरूळच्या शाळेत इतिहास शिकवते. नाखवांची मुलगी दर्शना माझ्या वर्गात आहे. आहे, असेच म्हणते मी. तिचे वडील कावीळ होऊन गेले, त्या दिवसापासून ती शाळेत आलेली नाही. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत सोमवारी संपते आणि तिचा अर्ज कोरा आहे. वर्गात इतिहासात तिच्या तोडीची दुसरी मुलगी नाही. मग तो अर्ज कोरा का? दुःखामुळे? दुःख तर आहेच. पण दुःखातली मुले शाळेत येतात, मी पाहिलेली आहेत. दर्शना येत नाही याचे कारण मी आहे.

बंधूंनो, मी विद्यापीठात पहिली आले होते. माझ्या वर्गात एक तारीख चुकली तर पूर्ण उत्तर चुकले असे मी धरते. समास सुटला नसेल तर वही न वाचता परत करते. मुली मला घाबरतात, आणि खोटे कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. माणूस समोर आला की तो नीट काम करणारा आहे की नाही, हे मी क्षणात ठरवत असे. कपड्यांवरून ठरवत असे. बोलण्यावरून ठरवत असे. आणि एकदा ठरवले की पुन्हा तपासत नसे. विद्यार्थिनींना मी सांगते की पुरावा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. स्वतः मात्र मी ते कधी केले नाही.

गेल्या वर्षी आपल्याकडे लहानथोरांना सिनेमातल्या त्या टायटॅनिक बोटीचे वेड लागले होते. वह्यांच्या कव्हरांवर ती, टी-शर्टांवर ती, रिक्षांच्या पाठीवरसुद्धा ती. नववीच्या चार मुलींनी प्रकल्पासाठी तोच विषय मागितला. मी अटी घातल्या. थर्माकोलचे खेळणे चालणार नाही. बोट लाकडाची हवी, आत बुडण्याइतके लोखंडाचे वजन हवे, मापात हवी, आणि प्रदर्शनात सर्वांसमोर ती खरोखर बुडाली पाहिजे. आधी नाक खाली जाईल, मग पाठ वर येईल, मग ती तळाला जाईल. आराखडा मी स्वतः काढला. उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली, सहा भोके. प्रत्येक भोकात एक बूच. बोट बर्फावर आपटली की मुलींनी बुचे ओढायची. घरी बादलीत एका डब्याला भोके पाडून मी त्याची वेळही मोजली होती.

त्या चौघींतली दर्शना म्हणाली, "बाई, माजा बापूस करील बोट. तो होऱ्या करतो."

मी म्हटले, "बापूस नव्हे, वडील. करतो नव्हे, करतात."

ती म्हणाली, "हो बाई. वडील करतात."

तीन आठवड्यांनी बोट शाळेत आली. यमुनाबाई, नवऱ्याने केलेली ती बोट तुम्हीच जुन्या साडीत गुंडाळून आणली होती. अडीच फूट लांब, काळ्या अंगाची. बांबूच्या पेरांची चार धुराडी. खिडक्यांच्या जागी पितळी खिळ्यांची रांग, एकसारख्या अंतरावर. मी मोजपट्टी घेऊन अर्धा तास तपासत होते. एकही माप चुकलेले नव्हते, बाहेरून सहाही बुचे जागच्या जागी होती. मला वाईट वाटले. हसू नका, खरेच सांगते. काहीच खोट सापडली नाही म्हणून मला वाईट वाटले.

बर्फही दिवाळ्याहूनच आला. मासळीत घालतात तो. हॉलमध्ये त्याचा वास पसरला. मी नाकाला रुमाल लावला आणि उदबत्त्या लावायला सांगितल्या. जनाआत्या, परवा मी तुमच्या भावाच्या घरी आले तेव्हा तुम्ही मला दारातच म्हणालात, "आता आल्या काय बाई? तवा तर आमच्या मासलीचा वास येत व्हता!" ते खरे होते.

प्रदर्शनाच्या दिवशी पाहुणे आले, पालक आले. निळ्या प्लास्टिकच्या टबात पाणी, पाण्यात बर्फाची लादी. दर्शनाने न अडखळता माहिती सांगितली. मग तिने बोट ढकलली. बोट बर्फावर आपटली. बाकीच्या मुलींनी बुचे ओढली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

आणि बोट तरंगत राहिली.

मी पुढे झाले. पट्टीने बोट खाली दाबली. सोडली, तशी ती उसळून वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा वर आली. मागून कोणीतरी ओरडले, "अरे, ही तर वाचली!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे हसून म्हणाले, "बाई, तुमची टायटॅनिक काही बुडायला तयार नाही!" सगळा हॉल हसला.

त्या हसण्यात दारापाशी उभा असलेला एक माणूसही हसत होता. पांढरा, कडक इस्त्रीचा सदरा घातलेला. तो माणूस माझ्यावर हसत नव्हता. बोट तरंगते आहे याचा त्याला आनंद झाला होता. हे मला आज कळते. तेव्हा मला एवढेच दिसले की माझा अपमान झाला आहे आणि कोणीतरी दात काढतो आहे.

मी मोठ्याने विचारले, "ही भोके कोणी बुजवली?"

दारापाशी उभे असलेले ते गृहस्थ, म्हणजे हिराजी नाखवा, म्हणाले, "मी बुजवली, बाई. आतून."

"का?"

"भोकं व्हती ना, बाई."

हॉल पुन्हा हसला. आणि मी, विद्यापीठात पहिली आलेली मी, शे-दीडशे लोकांसमोर, त्यांच्या मुलीसमोर, त्यांना म्हणाले... कागदावर लिहून आणले आहे, तरी वाचवत नाही. वाचते. मी म्हणाले, "ज्याला बुडणे म्हणजे काय ते कळत नाही, त्याने या विषयात हात घालू नये. याला अडाणीपणा म्हणतात."

नाखवांनी हात जोडले. म्हणाले, "बरं बाई. चुकलं माजं." एवढेच. टबातले पाणी फरशीवर सांडले होते. मुली घसरतील म्हणून त्यांनी कोपऱ्यातले फडके घेतले, खाली बसून ती फरशी पुसली, आणि निघून गेले. मी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी लाल शाईच्या पेनाचे टोपण काढत होते. प्रकल्पाच्या वहीत मी लिहिले, "मूळ घटनेचे आकलन नाही." खाली शून्य. खाली सही.

नाही, धर्माबाबा, मला पाणी नको. मला बोलू द्या.

अडाणी हा शब्द मला त्याच आठवड्यात खुपू लागला. शब्द खुपला, निर्णय नाही. निर्णय बरोबरच आहे असे मला वाटत होते. म्हणून मी दिलगिरीचे पत्र लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात मी वाकले आहे असे वाटत होते, तो फाडला. दुसऱ्यात वाक्ये लांब झाली. तिसऱ्यात "तथापि" दोनदा आले. चौथा बरा होता, पण नाखवांना तो समजेल का, अशी शंका आली, म्हणून तोही ठेवून दिला. असे करता करता परीक्षा आल्या, सुट्टी आली, नवे शालेय वर्ष सुरू झाले, गणपती झाले. नवरात्रात नाखवांना कावीळ झाली. बारा दिवसांत ते गेले. पत्र माझ्या टेबलाच्या खणात होते. अजून आहे.

बंधूंनो, नेरूळहून दिवाळे किती लांब आहे? रिक्षाने पंधरा मिनिटे. मला पत्राची गरजच काय होती? मी येऊन उंबऱ्यावर उभी राहिले असते आणि दोन शब्द बोलले असते, कसेही, तुटके, चुकलेले, तर या माणसाने मला बसायला पाट दिला असता. हे मला आता त्यांच्या घरातल्या माणसांकडे पाहून कळते. नऊ महिने माझ्या हातात होते. नऊ महिने मी भाषा सुधारत बसले.

आणि अजून मोठी गोष्ट पुढेच आहे.

परवा मी अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेले. दर्शना माझ्याशी बोलेना. मी तिला म्हटले की तुझ्या वडिलांबद्दल मी जो शब्द वापरला त्याचे मला वाईट वाटते, त्यांनी नकळत चूक केली होती, मी समजून घ्यायला हवे होते. नकळत! परवापर्यंत मी हेच म्हणत होते. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. तिचे बोलणे मी तिच्याच शब्दांत सांगते. ते सुधारण्याची माझी लायकी नाही.

ती म्हणाली, "नकलत नाय, बाई. त्याला समदं म्हाईत व्हतं. मीच त्याला बोलले व्हते, बाबा, ही बुडवाची हाय, बाईंनी भोकं पाराला सांगलीत. बोट शालेत आनाच्या आदल्या सांजच्याला तो कापूस घेऊन बसला नि भोकं बुजवाला लागला. मी रडले. मी बोलले, बाबा, माजे मार्क जातील. तो बोलला, बाई शिकलेल्या हान, त्यांना इतिहास म्हाईत. मना पानी म्हाईत. भोक असलेली होरी या घरातून नाय जायाची. खेलन्यातली पन नाय. मार्कांचं मी बाईंना येऊन सांगीन, त्या समजून घेतील."

ऐकलेत ना? त्या समजून घेतील. त्यासाठी ते आले होते. त्यासाठी तो इस्त्रीचा सदरा होता. आणि मी त्यांना बोलू दिले का?

त्यांचा धाकटा भाऊ पांडुरंग. हे तुम्हा सर्वांना माहीत आहे, मला माहीत नव्हते. अठरा वर्षांचा होता. तो ज्या होडीतून गेला तिच्या तळाची एक फळी उसवलेली होती. उद्या बघू, असे म्हणून होडी तशीच पाण्यात घातली गेली. ती परत आली नाही. पांडुरंगही परत आला नाही. तेव्हापासून नाखवांनी या गावातली एकही होडी तळ तपासल्याशिवाय सोडली नाही, असे काल मला इथल्या तिघांनी वेगवेगळे सांगितले. कोणाची होडी आहे हे ते पाहत नसत. भांडण असले तरी पाहत नसत. सांध्यात कापूस ठासायचा, वरून डांबर लावायचे, हाताने चाचपायचे, मगच होडी पाण्यात.

आणि त्या माणसाला मी म्हणाले, बुडणे म्हणजे काय ते तुम्हाला कळत नाही.

मी त्या बोटीबद्दल सगळे वाचले आहे. ती किती फूट लांब होती, किती वाजता आपटली, किती वेळात बुडाली, मला पाठ आहे. पण ती बुडाली तेव्हा घरी कोणाचा भाऊ परत आला नाही, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. मी टबाजवळ उभी राहून ती बुडण्याची वाट पाहत होते. घड्याळ लावून. त्या हॉलमध्ये ती घटना कळलेला एकच माणूस होता, आणि मी त्याच्या मुलीच्या वहीत लिहिले, मूळ घटनेचे आकलन नाही.

दर्शनाला मी विचारले, "बाळ, मी काय करू म्हणजे तू परत येशील?" ती म्हणाली, "सगल्यांसमोर बोललात ना त्याला? मंग सगल्यांसमोर परत घ्या." मी विचारले, "आणि मग येशील?" ती म्हणाली, "ते मंग बघू."

तिने मला वचन दिलेले नाही. मी मागितलेही नाही. ती येणार नाही, असेच मला वाटते आहे. तिच्या जागी मी असते तर मी आले नसते. माझ्यासारख्या बाईच्या वर्गात बसून कोण शिकेल? पण ती इतिहासात हुशार आहे, आणि ती घरी बसली तर तेही माझ्याच हातून घडलेले असेल, आणि ते पुसायला कुठलाही मसुदा पुरणार नाही. म्हणून आले आहे. दुसरा काही उपाय मला सुचत नाही.

तर ऐका. यमुनाबाई, ऐका. जनाआत्या, ऐका. दर्शना, तू माझ्याकडे पाहू नकोस, पण ऐक.

हिराजी नाखवांना मी अडाणी म्हणाले. तो शब्द मी परत घेते.

त्यांना बुडणे कळत नाही असे मी म्हणाले. ते वाक्य मी परत घेते. ते खोटे होते, आणि मी ते न तपासता बोलले.

त्यांच्या बोटीला मी शून्य दिले. ते शून्य मी परत घेते. आज सकाळी मुख्याध्यापकांसमोर मी त्या वहीतला शेरा खोडला आणि खाली सही केली. नवा शेरा लिहिलेला नाही. काय लिहू? त्या कामाला गुण देण्याइतकी मी शिकलेली नाही.

त्यांनी चूक केली असे मी परवापर्यंत म्हणत होते. तेही परत घेते. भोके मी पाडायला सांगितली होती. त्यांनी ती बुजवली. यात चूक कोणाची, हे लहान पोरालाही कळेल.

आणि हे सगळे परत घेताना मला माहीत आहे की ज्याच्यासाठी घ्यायचे तो माणूस ऐकायला नाही. तुम्ही ऐकलेत. तिने ऐकले. त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेले शेवटचे मात्र तेच आहे, अडाणीपणा. ते घेऊनच ते गेले. यावर उपाय नाही. मी रात्रंदिवस शोधला, उपाय नाही. मला क्षमा करा असेही मी म्हणणार नाही, कारण तुम्ही भले लोक आहात, तुम्ही लगेच करून टाकाल.

काय म्हणालात, आत्या?... हो. बसते. झालेच आहे माझे.

दर्शना, सोमवारपर्यंत मी रोज येईन. दारात उभी राहीन. तू बोलली नाहीस तरी येईन. सोमवारनंतरही येईन, कारण परीक्षा पुढच्या वर्षीही असते. तू शाळा बदललीस, दुसऱ्या बाईंकडे शिकलीस, तरी माझी ना नाही. तू फक्त शिकत राहायला हवीस. माझ्या वर्गात नसलीस तरी चालेल.

धर्माबाबांच्या परवानगीने आता आपण हिराजी नाखवांसाठी उभे राहू. शाळेत शोकसभा असली की मी घड्याळ हातात धरते आणि बरोबर दोन मिनिटांनी सर्वांना बसायला सांगते. एक सेकंद कमी नाही, एक सेकंद जास्त नाही. आज ते काम माझ्याकडे नको. कोणीही वेळ मोजू नका. दर्शना बसेल तेव्हा आपण बसू.

नाखवा, तुमच्या लेकीची बाई तुम्हाला नमस्कार करते.

उभे राहू या. दर्शना, बाळ, तुला हवा तितका वेळ घे. तू बसेपर्यंत मी उभी आहे.